तीन मिनिटांची वाट

भाईंदरहून चर्चगेटची लोकल सुटली की मीरारोडच्या फलाटाला लागेपर्यंत साधारण चार मिनिटं जातात. मधलं अंतर सव्वातीन किलोमीटरच्या आसपास. एवढ्या वेळात माणूस फार तर दारातून आत सरकतो, बॅग रॅकवर टाकतो आणि मोबाइल बाहेर काढतो. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी जवळजवळ तेवढीच लांब आहे, ३,४४८ मीटर. तिथल्या अग्निशमन दलाला बांधून दिलेला नियम असा: सूचना मिळाल्यापासून तीन मिनिटांच्या आत पहिली गाडी धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला पोचली पाहिजे. नुसतं पोचून भागत नाही, तिच्यातून फोमचा मारा करता येईल अशा जागी ती सज्ज उभी असली पाहिजे. हवा स्वच्छ आणि धावपट्टी कोरडी असेल तर हे काम दोनच मिनिटांत साधावं, अशी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची, म्हणजे इकाओची, अपेक्षा आहे.

मी जेसल पार्कला राहतो. संध्याकाळी खाडीकाठच्या चौपाटीवर बसलं की एका बाजूला रेल्वेचे पूल, समोर खाडी, आणि वर अधूनमधून एखाद्या विमानाचा लुकलुकता दिवा. तो दिवा दिसला की मला हल्ली सांताक्रूझच्या त्या मोकळ्या मैदानाचा कोपरा आठवतो. तिथे अजस्र गाड्या धावपट्टीकडे तोंड करून, टाक्या काठोकाठ भरून उभ्या असतात. विमान सुखरूप उतरलं की त्या जागच्या हलतही नाहीत. त्यांच्या या न हलण्यामागे केवढं काय रचून ठेवलेलं आहे, हे जसजसं समजत गेलं तसतसा मी थक्क होत गेलो.

आधी तीन मिनिटंच का, ते पाहू. विमानाचं इंधन म्हणजे जवळपास आपलं रॉकेलच, अधिक काटेकोरपणे शुद्ध केलेलं. ते मुख्यतः पंखांत भरलेलं असतं, आणि दोन पंखांच्या मधोमध माणसं बसलेली असतात. बहुतेक विमानांचं अंग अल्युमिनियमच्या पत्र्याचं, जाडी दोन मिलिमीटरच्या आतबाहेर. अल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. सांडलेल्या इंधनाची मोठी आग हजार अंशांपर्यंत जाते. म्हणजे बाहेर भडका उडाला की तो पत्रा मिनिटभरात भोक पडून मोकळा होऊ शकतो. आतलं अस्तर आणखी थोडं झुंजतं. अमेरिकेच्या नियमानुसार नव्या विमानांत ते चार मिनिटं टिकावं लागतं. शिवाय विमान बनवणाऱ्या कंपनीला दाखवून द्यावं लागतं की निम्मे दरवाजे वापरता आले नाहीत तरी भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं. ही सगळी मिनिटं आणि सेकंद एकमेकांत गुंफलेले आहेत. एक धागा सुटला तर काय होतं ते १९ ऑगस्ट १९८० रोजी रियाधला दिसलं. सौदियाचं विमान आत आग लागलेली असताना धावपट्टीवर नीट उतरलं, थांबलं, पण दरवाजे वेळेत उघडले गेले नाहीत. आतली ३०१ माणसं गेली. विमान जमिनीवर होतं, अखंड होतं, आणि तरीही.

आता घंटा वाजते त्या क्षणाकडे जाऊ. नियंत्रण मनोऱ्यातून थेट फोन येतो, गजर होतो. भिंतीशी पोशाख मांडून ठेवलेले असतात. पॅन्ट खाली सारलेली आणि तिच्या पायांत बूट आधीच अडकवलेले, उभे. जवान पाय टाकतो, एकाच हालचालीत बूट चढतात आणि पॅन्ट वर येते. मग जाड कोट, हेल्मेट, पाठीवर हवेचा सिलिंडर. गाडी दारातून बाहेर पडते ती तीस-पस्तीस टनांची. घोडबंदरच्या चढावर भरलेला ट्रक कसा कण्हत चढतो ते आपण रोज पाहतो. ही गाडी तशाच वजनाची, आणि नियम सांगतो की तिने ४० सेकंदांत ताशी ८० किलोमीटरचा वेग गाठला पाहिजे. पोटात हजारो लिटर पाणी असताना! कळशी घेऊन धावणाऱ्या माणसाला विचारा, पाणी कसं हिंदकळतं आणि तोल कसा जातो. म्हणून या गाडीच्या टाकीत आडवे-उभे पत्रे बसवून पाण्याचे कप्पे केलेले असतात. वळणावर सगळं पाणी एकदम एका कुशीला जाऊ नये, एवढ्यासाठी.

आपल्या शहरातला आगीचा बंब आधी थांबतो, मग पाइप पसरतो, मग पाणी मारतो. विमानतळावरची क्रॅश टेंडर थांबायची वाट पाहत नाही. चालता चालताच छतावरच्या तोफेतून मारा करते. चालकाच्या शेजारी बसलेला जवान खेळण्यातल्यासारख्या छोट्या दांड्याने ती तोफ फिरवतो. खाली न उतरता, काचेच्या आतून, पहिला हल्ला होऊन जातो.

आणि मारा किती? विमानतळांचे इकाओने दहा वर्ग पाडले आहेत. वर्ग ठरतो तो तिथे येणाऱ्या सर्वांत लांब-रुंद विमानावरून. मुंबई दहाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गात आहे, कारण इथे दुमजली एअरबस ए-३८० उतरते. दहाव्या वर्गाला कमीत कमी तीन गाड्या लागतात. नेहमीच्या दर्जाच्या फोमसाठी सगळ्या गाड्यांत मिळून ३२,३०० लिटर पाणी, आणि ते फेकायचा वेग मिनिटाला ११,२०० लिटर. हे आकडे वाचताना मला आमच्याकडे येणारा पाण्याचा टँकर आठवला. मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्याला टँकर म्हणजे काय हे सांगायला नको. दहा हजार लिटरचा टँकर सोसायटीच्या टाकीत रिकामा व्हायला किती वेळ लागतो, आणि तेवढा वेळ सेक्रेटरी पाइपाशी कसे उभे असतात, ते डोळ्यांपुढे आणा. इथे तेवढं पाणी ५४ सेकंदांत उडून जातं. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी साडेपाच सेकंदांत.

मग एक साधा भागाकार करून पाहिला. ३२,३०० भागिले ११,२००. उत्तर येतं तीनहून जरा कमी. म्हणजे पोचायला तीन मिनिटं, आणि सोबत आणलेलं पाणीही तीनच मिनिटांचं! पहिल्यांदा वाटलं, हे फारच तोकडं आहे. विमानात दोन-अडीच लाख लिटर इंधन असू शकतं, त्याच्या आगीला एवढंसं पाणी कसं पुरणार?

ते पुरणार नाही, आणि पुरावं असं कोणी ठरवलेलंही नाही. या दलाचं पहिलं काम आग विझवणं नाही. पहिलं काम आहे विमानाच्या अंगालगतचा एक पट्टा थंड आणि मोकळा ठेवणं, म्हणजे आतली माणसं बाहेर पडू शकतील. पाण्याचा सगळा हिशेब त्या पट्ट्याच्या क्षेत्रफळावरून केलेला आहे. विमानाची लांबी घ्यायची, दोन्ही अंगांना ठरावीक रुंदी घ्यायची, प्रत्यक्ष अपघातांच्या अभ्यासातून असं दिसलं की त्यातला दोनतृतीयांश भाग राखला तरी माणसं वाचतात, म्हणून तेवढा भाग धरायचा. पहिल्या मिनिटात तिथली आग ताब्यात आणायची आणि उरलेलं पाणी ती परत तिकडे येऊ नये यासाठी वापरायचं. पंखाचं टोक जळत असेल तर जळू दे. शेपूट जळत असेल तर तेही नंतर बघू. दरवाजा मात्र जळता कामा नये. हे कळल्यापासून मला या माणसांचं काम आग विझवणाऱ्याचं वाटतच नाही, वाट धरून ठेवणाऱ्याचं वाटतं.

त्यांच्या हातातला फोम हा तर वेगळाच चमत्कार आहे. नुसतं पाणी इथे शत्रू ठरतं. कढईतल्या पेटलेल्या तेलावर पाणी टाकू नये हे घरातली आजीसुद्धा सांगते. इंधन पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगतं आणि पाण्यासोबत वाहत जाऊन आग दूरवर पसरवतं. १९६० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत यावर एक तोड निघाली. फ्लोरिनयुक्त साबणासारखं द्रव्य पाण्यात मिसळलं की पाण्याचा पृष्ठताण इतका खाली येतो, की त्या पाण्याचा पातळ पापुद्रा हलक्या इंधनाच्या वर पसरतो. जड द्रव हलक्याच्या अंगावर चादरीसारखा अंथरला जातो! वर फेस, खाली तो पापुद्रा, त्याच्याखाली इंधन. वाफ वर येऊ शकत नाही, हवा खाली जाऊ शकत नाही, आग उपाशी मरते. रिठ्याचा फेस करून पाहिलेल्या कोणालाही यातला अर्धा भाग समजेल. उरलेला अर्धा फ्लोरिनचा. आणि तिथेच दुखणंही आहे. फ्लोरिन आणि कार्बनचा बंध इतका चिवट, की ही द्रव्यं मातीत आणि पाण्यात वर्षानुवर्षं तशीच राहतात आणि आपल्या रक्तापर्यंत पोचतात. जगभरचे विमानतळ आता फ्लोरिन नसलेल्या फोमकडे वळत आहेत. त्यात तो पापुद्रा नसतो, सगळा भार फेसावरच, म्हणून मारा करायची पद्धतही नव्याने शिकावी लागते. हा बदल अवघड आहे, पण तो झालाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईने या कामाचे दोन्ही चेहरे पाहिले आहेत. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मद्रासला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं कॅरेव्हल उड्डाणानंतर लगेच परतायला वळलं. इंजिन फुटून आग लागली होती, नियंत्रणाचं तेल जळून गेलं आणि विमान हातातून निसटून कोसळलं. आतल्या ९५ जणांपैकी कोणीही वाचलं नाही. अशा ठिकाणी तीन मिनिटं काय आणि एक मिनिट काय. पण ४ सप्टेंबर २००९ चा दिवस पाहा. रियाधला निघालेल्या एअर इंडियाच्या जम्बोच्या इंजिनाने उड्डाणाआधी, जमिनीवरच, पेट घेतला. आत प्रवासी आणि कर्मचारी मिळून २२९ जण. सगळे घसरगुंड्यांवरून खाली आले, काहींना खरचटलं-मुरगळलं, जीव कोणाचाच गेला नाही. १० जानेवारी २०२२ ला जामनगरच्या विमानाच्या नाकाशी उभा असलेला ओढगाडीचा ट्रॅक्टर भडकला. विमानात ८५ प्रवासी होते. काही मिनिटांत आग विझली.

आणि १४ सप्टेंबर २०२३. संध्याकाळचे पाच, धो धो पाऊस, समोरचं सातशे मीटरपर्यंतच दिसतंय. विशाखापट्टणमहून आलेलं छोटं लिअरजेट उतरताना धावपट्टीवरून घसरलं, त्याचे दोन तुकडे झाले, आग लागली. आतली आठही माणसं जिवंत राहिली. त्या तुकड्यांची छायाचित्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे वाक्य पुन्हा वाचावंसं वाटेल.

फोमने माणसं वाचतात, पण तोच फोम माणसाला झाकूनही टाकतो. ६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला एशियाना कंपनीचं विमान आदळलं, तेव्हा बाहेर फेकली गेलेली एक सोळा वर्षांची मुलगी जमिनीवर पडली होती. तिच्यावर फेस साचला आणि त्यावरून दलाच्याच गाड्या गेल्या. जगभरच्या दलांनी या घटनेचा धडा घेतला आहे. गाडीच्या कॅमेऱ्यात शरीराची उष्णता दिसली पाहिजे, गाडीपुढे पायी चालणारा माणूस हवा, आणि फेसाच्या ढिगाऱ्यात चाक घालण्याआधी खाली काय आहे ते बघायला हवं. वाचवायला निघालेल्यांना इतकं भयंकर दुःख वाट्याला येऊ शकतं, याचा मी फार वेळ विचार करत राहिलो.

विमानाबाहेर आलेली माणसं मग वैद्यकीय पथकाच्या हाती येतात. जागा ठरलेली: वाऱ्याच्या वरच्या अंगाला, अपघातापासून कमीत कमी ९० मीटरवर, म्हणजे धूर त्यांच्याकडे येणार नाही. तिथे पहिल्यांदा जो डॉक्टर किंवा परिचारक पोचतो तो कोणावरही उपचार करत नाही. हे ऐकायला कठोर वाटतं. तो मोठ्याने सांगतो, ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या बाजूला जा. जे चालत गेले ते हिरवे. मग उरलेल्यांपैकी एकेकाशी तो थांबतो, जेमतेम अर्धा मिनिट. श्वास चालू आहे का? नसेल तर मान मागे करून श्वासाची वाट मोकळी करायची, तरीही नाही आला तर काळी पट्टी. श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त असेल तर लाल. मनगटाला नाडी लागत नसेल तर लाल. ‘माझा हात दाबा’ म्हटलेलं कळत नसेल तर लाल. बाकीचे पिवळे. मोजून तीन प्रश्न, आणि १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णालयाने आणि अग्निशमन दलाने मिळून बसवलेली ही पद्धत आज जगभर चालते. तिचा सगळ्यांत कठीण भाग असा, की जो मोठमोठ्याने ओरडतोय त्याच्याकडे आधी जायचं नाही. ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे. जो गप्प पडलाय तो आधी. माणसाच्या स्वभावाच्या हे पूर्ण उलट आहे, म्हणून ते पुनःपुन्हा घटवावं लागतं. खोट्या जखमा रंगवलेले स्वयंसेवक झोपवून, रुग्णालयं, पोलीस, महापालिकेचे बंब अशा सगळ्यांना बोलावून पूर्ण सराव दोन वर्षांतून एकदा तरी करावाच लागतो.

एरवीचे दिवस? एरवी याच पथकाला हाक येते ती सामानाच्या पट्ट्याशी कोसळलेल्या एखाद्या आजोबांसाठी. हृदय थांबलं तर विजेचा झटका द्यायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. म्हणून ती छोटी झटका-यंत्रं भिंतींवर टांगलेली असतात. इथेही पुन्हा मिनिटांचाच खेळ. आग विझवणाऱ्यांचे दिवस जातात ते सांडलेलं इंधन धुण्यात, गाड्या रोज चालवून, तोफा रोज उडवून तपासण्यात, नव्या विमानाचा दरवाजा कुठल्या बाजूला कसा उघडतो ते पाठ करण्यात. क्वचित एखाद्या वैमानिकाच्या निवृत्तीला दोन गाड्या समोरासमोर उभ्या राहून पाण्याची कमान करतात, ती आपण टीव्हीवर पाहतो.

या वाट पाहण्याची किंमत विमानतळाला किती वाटते, ते एका नियमावरून कळतं. गाड्या एखाद्या कामात अडकल्या आणि उरलेलं बळ ठरलेल्या वर्गाहून कमी पडलं, तर विमानतळाचा वर्ग तेवढ्यापुरता खाली आणून तसं सगळ्या वैमानिकांना कळवावं लागतं, आणि मोठ्या विमानांना थांबावं लागतं. नुसत्या उभ्या असलेल्या गाड्यांवर एवढं सगळं चालतं.

ही माणसं घडतात कुठे? भारतीय विमानतळ प्राधिकरणाची प्रशिक्षण केंद्रं दिल्ली आणि कोलकात्याला आहेत, आणि देशभरच्या अग्निशमन अधिकाऱ्यांची शाळा तर आपल्या नागपुरात, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. तिथे शिकलेल्या पहिल्या महिला हर्षिनी कान्हेकर नागपूरच्याच. १४ एप्रिलला देशभर पाळला जाणारा अग्निशमन दिनही मुंबईचाच आहे: १९४४ साली त्या दिवशी गोदीत झालेल्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले.

परवा ओहोटीच्या वेळी आमच्या चौपाटीवर उभा होतो. खाडीचा चिखल उघडा पडला होता, गुडघाभर तरी असेल. मनात आलं, विमान धावपट्टीच्या पुढे जाऊन अशा जागी पडलं तर ती तीस टनांची गाडी काय करील? रुतून बसेल. म्हणून समुद्र, खाडी किंवा दलदलीवरून विमानं जिथे उतरतात, तिथे बोटींची आणि वेगळ्या सामानाची सोय करावी, असं इकाओ सांगते. मुंबईला हे परकं नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं जम्बो वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं आणि २१३ जण गेले.

आता वाचकांना एक विनंती. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. मोठ्या विमानात ३७९ जण होते आणि आठपैकी तीनच दरवाजे वापरण्याजोगे होते. शेवटचा माणूस १८ मिनिटांनी बाहेर आला. सगळे वाचले. ते बाहेर पडले तेव्हा त्यांच्या बॅगा वर कप्प्यांतच होत्या. बाहेरून वाट धरून ठेवणारे लोक कितीही निष्णात असले तरी आतल्या वाटेत आडवी आलेली बॅग त्यांना काढता येत नाही. पुढच्या वेळी विमानात बसाल तेव्हा आपल्या आसनापासून दरवाजापर्यंत किती रांगा आहेत ते पुढे आणि मागे, दोन्हीकडे मोजा. धुरात हाताने चाचपून तेवढ्याच मोजायच्या असतात. आणि उतरा म्हणून ओरडलं, तर बॅग राहू द्या.